सावधान साहेब पाण्यात उतरतात

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. कारखान्यात त्यांना समोर 'साहेब' म्हणतात आणि पाठीमागे 'सावधान साहेब'. हे दुसरं नाव त्यांच्या कानावर गेलेलं आहे, आणि ते त्यांना मनातून आवडतं असा माझा दाट संशय आहे. दिवसभर पिवळं हेल्मेट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून ते यंत्रांमधून फिरतात आणि लोकांना काय काय करू नये ते सांगतात. कारखान्यात अपघात फारसे होत नाहीत. भाऊजी म्हणतात, ते माझ्यामुळे. कामगार म्हणतात, अगदी खरं, साहेब समोर असले की कुणी कशाला हातच लावत नाही.

घरी आल्यावर हेल्मेट खुंटीला जातं, पण आतला अधिकारी काही खुंटीला जात नाही. एकदा त्यांच्याकडे बल्ब बदलायचा होता. मेन स्विच बंद केला. शिडीला एका बाजूने ताईने धरायचं, दुसऱ्या बाजूने मी. भाऊजी हेल्मेट घालून तीन पायऱ्या चढले. बल्ब बदलून खाली आल्यावर त्यांनी आम्हा दोघींकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू आम्ही तिघं एका बुडत्या जहाजातून सुखरूप किनाऱ्याला लागलो होतो.

ताई याच्या अगदी उलट. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांच्या दंडात सुया खुपसते आणि तोंडाने त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करते. तिचा हात थरथरलेला मी कधी पाहिला नाही. लहानपणी आमच्या वडिलांनी आम्हा दोघींना घरामागच्या तळ्यात पोहायला शिकवलं होतं. मी बरी पोहायचे, ताई माशासारखी पोहायची. लग्नानंतर तिने हे भाऊजींना कौतुकाने सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा एवढा उतरला, की तिला वाटलं आपण चुकून एखादा जुना गुन्हा कबूल केला. "एकटी जात जाऊ नकोस," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "कुणाबरोबरही जाऊ नकोस." ताईने तो विषय आवरून ठेवला. संसारात असे बरेच विषय आवरून ठेवावे लागतात, ती म्हणते, नाहीतर घरात चालायला जागा उरत नाही.

भाऊजींच्या या भीतीचं मूळ ताईच्या सासूबाईंनी मला सांगितलं. भाऊजी लहान असताना त्यांच्या काकाने त्यांना धक्क्यावरून थेट खोल पाण्यात ढकललं होतं. आपोआप हातपाय मारेल आणि शिकेल, असा काकांचा हिशेब. भाऊजींनी हातपाय मारले, पण शिकले काही नाहीत. कुणीतरी कॉलर धरून त्यांना वर काढलं. काका पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात हा किस्सा रंगवून सांगत आणि सगळे पोट धरून हसत. सासूबाईही मला हसत हसतच सांगत होत्या. भाऊजी तेव्हा समोरच होते. ते उठले आणि पंख्याचं बटण दोनतीनदा दाबून बघितलं, नीट चालतंय ना म्हणून.

तर अशा या माणसाच्या पोटी मुलगी झाली. तिचं घरातलं नाव पिटू. पिटू सहा वर्षांची झाली आणि शाळेने जाहीर केलं, की पुढच्या सत्रापासून पहिलीच्या मुलांना आठवड्यातून एकदा पोहायला नेणार. त्याआधी पालकांनी घरी मुलांची तयारी करून घ्यावी. कशी करायची ते सांगायला शाळेने पालकांची सभा बोलावली.

सभा पहिलीच्याच वर्गात होती. एकेक आईबाप त्या वीतभर खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. ताईला सुट्टी नव्हती, म्हणून भाऊजींबरोबर मी गेले होते. पोहायला शिकवणाऱ्या बाई धिप्पाड, आवाज फाटलेला, केस अजून ओले. त्यांना घरी जायची घाई होती आणि ती लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही.

"अंघोळीच्या वेळी डोक्यावरून पाणी ओता," बाई म्हणाल्या. "आधी सांगा, मग ओता. तोंडावर आलं तर लगेच टॉवेल घेऊन धावू नका, त्यांना स्वतःला पुसू द्या. पसरट भांड्यात पाणी घेऊन बुडबुडे काढायला लावा. एखाद्या दिवशी तलावावर आणून नुसतं काठावर बसवा, आवाज आणि वास ओळखीचा होऊ दे. दंडात फुगे अडकवून पाण्यात सोडलं आणि आपण मोबाइल बघत बसलो, असं करू नका. हाताच्या अंतरावर राहा. आणि मुख्य म्हणजे, तुम्हाला स्वतःला भीती वाटत असली तर ती मुलांपुढे उगाळू नका. झालं. काही प्रश्न?"

हा शेवटचा शब्द त्यांनी दाराकडे बघत उच्चारला. सगळे उठायच्या बेतात होते. भाऊजींनी हात वर केला.

तलावाभोवतीच्या फरशीला खरखरीतपणा किती आहे? एका मुलामागे किती मोठी माणसं? पाण्यात औषध कोण टाकतं आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं? कठड्याची उंची काय? वीज गेली तर? बाईंनी पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं दिली, तिसऱ्याला पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला आणि पुढच्या प्रश्नांना नुसत्या चावत राहिल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "हे तुमच्यातले का?" मी म्हटलं, "नाही, मी बहिणीकडून."

शेवटी मुख्याध्यापिकाबाई मधे पडल्या. "साहेब, तुमचा इतका अभ्यास आहे, तर पालकांच्या तयारीचं काम तुम्हीच का हातात घेत नाही? तुम्ही आमचे पालक प्रतिनिधी." माणसाला गप्प करायचं असेल तर त्याला पद द्यावं, हे त्यांना इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलेलं होतं. पण काही माणसं पद मिळेपर्यंतच गप्प असतात, हे कळायचं राहिलं होतं.

पुढच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये भाऊजींचा पहिला वर्ग भरला. मी पिटूला सांभाळायला म्हणून गेले, आणि खरं सांगायचं तर फुकटची करमणूक म्हणूनही गेले. पडद्यावर पहिलीच अक्षरं झळकली : 'पाणी : एक धोका'. मग आलेख आले, बाण आले, लाल गोल आले. ओल्या फरशीवर माणूस कसा पडतो याची पाच चित्रं होती. पडलेल्या माणसाचा चेहरा पाचही चित्रांत हसरा होता, कारण चित्र कारखान्यातल्या जुन्या फलकावरून उचललेलं होतं.

पालकांत एक बँकेतल्या मॅनेजरबाई होत्या. त्यांचा मुलगा अजून बुटाची नाडी बांधायला शिकला नव्हता, पण त्यांनी त्याच्यासाठी स्पर्धेत घालतात तसला महागडा पोहण्याचा पोशाख आणून ठेवला होता. त्यांनी विचारलं, "यातून स्पर्धेला कधी उतरवता येईल?" भाऊजी म्हणाले, "आधी पाण्यात उतरण्याचे धोके बघू." बाईंनी घड्याळ बघितलं. त्यांच्या मते एवढ्या वेळात दुसऱ्यांची मुलं पुढे जात होती.

त्यांच्या मागे व्यायामशाळा चालवणारे एक गृहस्थ होते. शर्टाच्या बाह्या दंडांना पुरत नव्हत्या. ते मागूनच गरजले, "एवढं काय त्यात? उचलायचं आणि टाकायचं पाण्यात. आम्ही असेच शिकलो."

भाऊजींच्या हातातली काठी पडद्यावरून खाली आली. "नाही," ते म्हणाले. "तसं नाही करायचं." आवाज अगदी हळू. त्या दिवसभरात आलेखाशिवाय आणि बाणाशिवाय त्यांनी उच्चारलेलं हे एकच वाक्य. गृहस्थ काहीतरी पुटपुटले.

हे वाक्य बोलून भाऊजी थांबले असते, तर मी त्यांच्यावर एवढं लिहिलंच नसतं. पण त्यांनी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. टेबलावर बादली होती, पाण्याने भरलेली. भाऊजींनी पिशवीतून एक बाहुली काढली, सगळ्यांना दाखवली आणि बादलीत सोडली. बाहुली आधी तरंगली, मग तिच्या कपड्यांत पाणी शिरलं आणि ती तोंड वर करून हळूहळू तळाला गेली. "बघा," भाऊजी म्हणाले, "आवाज आला? नाही आला. बुडणारं मूल ओरडत नाही."

आणि मागून एका मुलीने हंबरडा फोडला. ती पिटू होती. बाहुली तिची होती.

बाहुली दोन दिवस दोरीवर वाळत होती. पिटूने तिला परत हातात घेतलं नाही. "ती मेली ना?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, अगं, बाहुल्या मरत नाहीत. "मग बाबा खोटं बोलला?"

तोवर अंघोळ हा पिटूचा दिवसातला सगळ्यात आवडता कार्यक्रम होता. बाथरूममधून ती बाहेर यायची तेव्हा आत भिंतींचीही अंघोळ झालेली असायची. आता तिथे रबरी चटई आली. भाऊजी दारात उभे. "आता पाणी येतंय. तयार? श्वास रोख. घाबरू नकोस. घाबरण्यासारखं काही नाही. घाबरलीस तर सांग." एवढ्या वेळा 'घाबरू नकोस' ऐकल्यावर कुणाच्याही पाचावर धारण बसेल. पिटू डोळे घट्ट मिटून, खांदे कानाला लावून उभी राहायची आणि तांब्या डोक्याजवळ आला की किंचाळायची. केस धुणं म्हणजे लढाई झाली. केस धुवायला मला बोलावणं येऊ लागलं.

तिच्या एकटीचंच असं नव्हतं. वर्गाला आलेल्या पालकांपैकी दोघांची मुलं पावसात दाराबाहेर पडेनात. एका आजोबांनी शाळेत फोन करून विचारलं, की नातू पाण्याचा पेला हातात धरायला घाबरतो, हा अभ्यासक्रमाचा भाग आहे का.

ताई एकदाच बोलली. मी समोर होते. "अहो, बाईंनी सांगितलं होतं ना, भीती मुलांपुढे उगाळू नका?"

"मी भीती कुठे उगाळतोय?" भाऊजी खरोखर चकित झाले. "मी माहिती देतोय."

एका रविवारी ते कारखान्यात गेले होते. ताईने स्वयंपाकघरात जमिनीवर परात ठेवली, बोटभर पाणी घेतलं आणि आम्ही तिघी पालथ्या पडून बुडबुडे काढू लागलो. कुणाचा आवाज सगळ्यात अश्लील येतो, अशी स्पर्धा होती. पिटू हसून हसून लोळत होती, नाकाला पाणी लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात भाऊजी लवकर परत आले. दारात उभं राहून त्यांनी परातीकडे बघितलं.

"बोटभर पाण्यातसुद्धा मूल बुडू शकतं," ते म्हणाले.

वाईट हे, की ते बरोबर होतं. भाऊजी नेहमी बरोबरच असतात, म्हणून तर त्यांच्याबरोबर राहणं इतकं कठीण. पण आम्ही दोघी तिथे होतो, पिटू आमच्या कुशीत होती, आणि तिचं हसू मात्र नळ बंद करावा तसं बंद झालं. ती उठून बाहेर गेली. ताईने परात उचलली, पाणी मोरीत ओतलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "येत्या रविवारी तलावावर पालकांनी मुलांबरोबर जायचंय. मी सुट्टी काढलीये."

तलाव मोठ्या बंदिस्त इमारतीत होता. आत शिरल्याबरोबर औषधाचा वास नाकात चढायचा आणि साधं बोलणंही छतावर आपटून दुप्पट होऊन परत यायचं. कपडे बदलायच्या खोल्यांपैकी एकीची कडी तुटलेली होती, त्यामुळे आतला माणूस सारखा 'आहे, आहे' असं ओरडत होता. मोठ्या तलावाच्या शेजारी लहान मुलांचा छोटा तलाव. त्यात मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंत पाणी, कडेला रुंद पायऱ्या आणि धरायला चकचकीत दांडा.

भाऊजी आले ते शिट्टी, प्रथमोपचार पेटी, खांद्यावर दोराचं वेटोळं आणि हातात नारिंगी जीवरक्षक जाकीट घेऊन. जाकीट पिटूच्या मापाचं नव्हतं. ते तिला घातलं तेव्हा तिचे फक्त डोळे आणि पाय दिसत होते.

पोहण्याच्या बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बोटीवर निघालात का?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच्या हाताने जाकीट काढून बाकावर ठेवलं. "ऐका सगळे. आधी आईबाप उतरतील. मग मुलांना बोलावतील. चला."

कुणी हललं नाही. भाऊजींच्या हाताखालून तयार झालेले सगळे पालक काठापासून चार हात दूर, भिंतीला चिकटून उभे. मुलं त्यांना चिकटलेली. मॅनेजरबाई म्हणाल्या, "मी कालच केस करून घेतलेत," आणि मुलाला पुढे ढकललं. मुलगा तो चमचमता पोशाख घालून काठावर बसला आणि त्याने काकुळतीने विचारलं, "आज स्पर्धा नाहीये ना?" व्यायामशाळेवाल्या गृहस्थांना बरोबर त्याच क्षणी आठवलं, की काल वजन उचलताना आपला खांदा भरून आला आहे. खांदा चोळत ते मागच्या रांगेत गेले.

"तुमचे ते प्रतिनिधी कुठायत?" बाईंनी विचारलं. "या साहेब. तुम्ही उतरा, तुम्हाला बघून बाकीचे उतरतील."

"मी इथून देखरेख करतो," भाऊजी म्हणाले. "एक माणूस बाहेर असावाच लागतो. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"सर्वसाधारण."

एवढ्यात ताई कपडे बदलून आली. अंगात पोहण्याचा साधा काळा पोशाख, केस घट्ट बांधलेले. ती पायऱ्या उतरली नाहीच. मोठ्या तलावाच्या काठाशी गेली, आत झेपावली आणि पाण्याखालून सरळ पलीकडच्या भिंतीशी वर आली. वळली आणि संथ हात मारत परत आली. इतकी वर्षं मधे गेली असं वाटलंच नाही. मी टाळ्या वाजवल्या. मी एकटीनेच.

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "तुला पोहता येतं?"

"सांगितलं होतं की. लग्न झालं तेव्हाच."

"हो, पण मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"मला वाटलं, तू सोडलंस."

"सोडलं होतं," ताई म्हणाली, केसांतून पाणी निथळत. "बघा, गेलं नाही."

मग ती छोट्या तलावात उतरली आणि तिने पिटूकडे हात पसरले. आता लेक आईच्या कुशीत झेप घेणार, अशी मी डोळे पुसायची तयारी केली होती. पिटूने मान हलवली.

"आधी बाबा," ती म्हणाली.

"बाबा नंतर येईल. तू ये."

"बाबाला नाही जमत," पिटूने समजावून सांगितलं. त्या इमारतीत साधं बोलणंही सगळ्यांना ऐकू जात होतं, आणि पिटूचा आवाज तर वडिलांवर गेलेला. "त्याला भीती वाटते. तो स्वतःचे केस धुताना एका हाताने नळाला धरून ठेवतो. मी पाहिलंय."

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भिंतीला चिकटलेले ते सगळे भित्रे जीव, ज्यांनी स्वतः पायाचा अंगठा बुडवला नव्हता, ते आता हसू दाबत होते. खांदा भरून आलेल्या गृहस्थांना तर हसताना खांदा अजिबात दुखत नव्हता. भाऊजींचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हे जाऊन कुठल्यातरी आग विझवायच्या नळकांड्याची तारीख तपासणार. मी त्यांना ओळखत होते. निदान तसं समजत होते.

त्यांनी खांद्यावरचं दोराचं वेटोळं काढलं आणि माझ्या हातात दिलं. शिट्टी काढली. घड्याळ काढलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्याकडे बघितलं आणि त्याचा काही उपयोग नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा सरळ केली. मग एका हाताने दांडा धरला. दुसऱ्या हाताचं एक बोट पिटूने धरलं.

पहिली पायरी झाली. दुसरी झाली. तिसरीवर भाऊजी थांबले ते थांबलेच. दांड्यावरची बोटं पांढरी पडली होती. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. आता कुणी हसत नव्हतं. खऱ्या भीतीला जवळून बघायला कुणालाच मजा वाटत नाही.

"बाबा, घाई नाही," पिटू म्हणाली. शब्द भाऊजींचे, लकबही भाऊजींची. "आधी पाय घट्ट. मग दुसरा पाय. मी आहे ना इथे."

ती तळाला पोचली तेव्हा पाणी तिच्या छातीपर्यंत आलेलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिचं सगळं लक्ष बापावर. बापाने शेवटचा पाय खाली टेकवला आणि डोळे मिटून उभा राहिला. ताई हाताच्या अंतरावर आली होती, पण मधे पडली नाही.

"आता बुडबुडे," पिटू म्हणाली. "तोंड पाण्यात घाल आणि फुंकर मार. नाकात गेलं तर शिंक. शिंकलं तरी चालतं."

पंधरा वर्षांच्या नोकरीचा अधिकारी, ओली पँट, इस्त्रीचा शर्ट. भाऊजी वाकले. त्यांनी हनुवटी पाण्याला टेकवली, मग ओठ, आणि फुंकर मारली. त्यातून जो आवाज निघाला, तो आमच्या परातीच्या स्पर्धेत नक्की पहिला आला असता. भाऊजी झटक्याने वर आले आणि लागोपाठ शिंकू लागले. पिटू इतकी हसली, की तिचा तोल गेला, सगळं तोंड पाण्यात गेलं, ती खोकत वर आली आणि ओरडली, "आता माझी पाळी!" आणि तिने स्वतःहून पुन्हा डोकं बुडवलं.

मग काठावरच्या मुलांना राहवेना. मोठा माणूस तोंडाने असले आवाज काढतो आणि कुणी त्याला रागवत नाही, हे त्यांना जवळून बघायचं होतं. मॅनेजरबाईंचा मुलगा घसरतच आत आला. एक आला, दुसरा आला, आणि मग नाइलाज होऊन पालकांना मागोमाग उतरावं लागलं. मॅनेजरबाईंचे केस पहिल्या झटक्यातच गेले. पोहण्याच्या बाईंनी काठावर बसून नवा पुडा फोडला. "जमतंय," त्या म्हणाल्या.

भाऊजी शेवटपर्यंत तिथेच, दांडा धरून, दात वाजवत उभे होते. वेळ संपल्यावर सगळे बाहेर आले तरी ते आत होते. ताईने हात पुढे केला. त्यांनी तो धरला. घरी येईपर्यंत मी त्यांची थट्टा केली नाही. माझ्यासाठी ही काही लहान गोष्ट नव्हे.

ही शांतता तीनचार दिवस टिकली. मग एका संध्याकाळी भाऊजी जेवताना म्हणाले, "त्या पद्धतीचा उपयोग झाला."

"कुठल्या पद्धतीचा?" ताईने विचारलं.

"भूमिकाबदल. पालकाने घाबरल्यासारखं करायचं, मुलाला शिक्षक करायचं. मुलाची भीती जाते."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम घाबरलात?"

भाऊजींनी पाण्याचा घोट घेतला. "अर्धं मुद्दाम," ते म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे पाहिलं. मुख्याध्यापिकाबाईंना ही पद्धत फारच आवडली, आणि पुढच्या वर्षीच्या पालकांसाठी भाऊजींचं खास भाषण ठरलं. विषय, 'भीतीचा अभिनय कसा करावा'. पाणी आता धोका राहिलं नव्हतं, पडद्यावर ते 'मित्र' झालं होतं, आणि हसऱ्या चेहऱ्याने पडणारा माणूस रजेवर गेला होता. व्यायामशाळेवाल्या गृहस्थांचा धाकटा मुलगा त्या वर्षी पहिलीत होता. त्यांनी भाषण मन लावून ऐकलं आणि तलावावर असा काही थरथराट केला, असे डोळे फिरवले, की मुलगा घाबरून आईला म्हणाला, बाबांना दवाखान्यात ने.

पिटू मात्र पोहायला शिकली. आधी फळी धरून, मग फळीशिवाय, मग आडवा तलाव, मग उभा. ती पाण्यात असते तोवर भाऊजी काठावर बसून असतात. बाकीचे बाप माना मोडून मोबाइलमध्ये घुसलेले. मुलं 'बाबा बघ, बाबा बघ' करून घसा कोरडा करतात आणि बाप न बघता 'वा' म्हणतात. भाऊजी एकदाही नजर काढत नाहीत. या एका बाबतीत त्यांची टिंगल करायचा मी प्रयत्न केला होता. जमला नाही.

आता ते स्वतःही छातीभर पाण्यात येतात. तरंगता अजून येत नाही. ताई त्यांच्या मानेखाली तळवा धरते आणि ते फळीसारखे ताठ आडवे होतात, डोळे छताला लावून. गेल्या महिन्यात असेच आडवे असताना ते म्हणाले, "छताचा तो कोपऱ्यातला पत्रा हलतोय."

"गप्प पडा हो साहेब," काठावरून बाई म्हणाल्या. "अंग सैल सोडा."

"तो पत्राच सैल आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्यवस्थापकांच्या कचेरीत जाऊन बसले, आणि कुणीतरी शिडी लावून वर चढेपर्यंत उठले नाहीत. पत्रा खरंच सैल निघाला. एक नाही, तीन निघाले. तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला. कधी उघडणार, कुणी सांगत नाही. पालक भाऊजींना रस्त्यात बघून रस्ता ओलांडतात. मॅनेजरबाईंच्या मुलाची स्पर्धा बुडाली, त्याला म्हणे फार आनंद झाला. पोहण्याच्या बाई दुसऱ्या तलावावर तात्पुरत्या शिकवायला जातात आणि जाताना दोन बस बदलाव्या लागतात म्हणून भाऊजींचा उद्धार करतात.

आणि पिटूने बापाशी बोलणं टाकलंय. काल मी गेले तर ती पोहण्याचा पोशाख घालून, डोळ्यांवर गॉगल चढवून सोफ्यावर हाताची घडी घालून बसली होती. भाऊजी तिच्यासमोर उभे राहून पत्रा पडला असता तर काय झालं असतं, ते समजावून सांगत होते.

"मावशी," ती मला म्हणाली, "याला सांग, मला माहिती नकोय."